पत्ता बदलला आणि बॅकअप अडला

सकाळी ऑफिसात पोचले तर रात्रीचा एकही बॅकअप झालेला नव्हता. पोटात गोळाच आला.

काल संध्याकाळी आम्ही बॅकअप सर्व्हरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बदलला होता. जुन्या १९२.१६८.१ च्या नेटवर्कमध्ये २५४ पत्ते मावतात, ते संपत आले होते; म्हणून सर्व्हर १० पासून सुरू होणाऱ्या मोठ्या रेंजमध्ये हलवले. पिंग (सर्व्हर नेटवर्कवर उत्तर देतो का याची चाचणी) व्यवस्थित, डिस्क ठीक, सर्व्हिस चालू. फक्त बॅकअप सॉफ्टवेअरचं लायसन्स 'अवैध'!

लायसन्सची फाइल बनवताना सॉफ्टवेअरच्या कंपनीने आमचा जुना आयपी तिच्यात बांधून टाकला होता. पत्ता जुळेना, म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं हे दुसरंच मशीन. पैसे भरलेले, मुदत शिल्लक, तरी दार बंद. याचा मला मनापासून राग आला. चोरी रोखायची तर नवे बॅकअप अडवा एक वेळ, पण रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणंही बंद? नेमका आजच एखादा सर्व्हर बसला असता तर?

नवी फाइल मागवली. ती येईपर्यंत त्याच नेटवर्क कार्डवर जुना आयपी दुसरा पत्ता म्हणून जोडला, तेव्हा लायसन्स मान्य झालं. मग क्लायंट मशीन, म्हणजे ज्यांचा बॅकअप या सर्व्हरवर येतो ती. ज्यांच्यात सर्व्हरचं नाव दिलं होतं ती डीएनएसमधली (नावावरून आयपी सांगणारी) नोंद बदलताच जोडली गेली. अकरा मशीनमध्ये मात्र कुणीतरी थेट आकडे लिहून ठेवलेले; ती एकेक करून हाताने बदलली. आता तिथेही नावच घातलंय.

दुपारी नवी फाइल आली. रात्री नऊला पगाराच्या डेटाबेसचा बॅकअप पूर्ण झाला. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून पाहिला, मगच घरी निघाले.