मॅच घरी बघा, दादा

आज ठाण्यात माजिवड्याहून मानपाड्याला रिक्षाने येत होते. रिक्षावाल्या दादांनी हँडलजवळ मोबाइल अडकवलेला, त्यावर मॅच चालू. कापूरबावडीला पुढचा टेम्पो थांबला, यांचं लक्षच नाही. शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक! माझी पिशवी उलटी झाली, टोमॅटो पार त्यांच्या पायापर्यंत घरंगळले. मी सरळ म्हटलं, "दादा, मोबाइल बंद करा, नाहीतर इथेच उतरते."
"अहो ताई, फक्त स्कोअर बघत होतो."
बंद केला मात्र लगेच.

ताशी ६० किमी वेगात गाडी ३ सेकंदांत ५० मीटर जाते. स्कोअर बघायला तेवढाच वेळ लागतो. आणि घोडबंदर रोडवर शेजारून कंटेनर जात असतात हो!

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात मोबाइल वापरणंही धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरलंय. पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. रस्ता शोधण्यापुरती नियमात मुभा आहे, मॅचसाठी नाही.

प्रवाशांनो, गप्प बसू नका, प्लीज. आणि घरच्यांना फोन केलात की आधी विचारा, "गाडी चालवतोयस का?" हो म्हणाला तर लगेच ठेवून द्या.