आंबोलीतला तो बेडूक नेमका कुठे?

"सर, लोकेशन टाका ना." जून उजाडला की हे सुरू होतं. मी टाकत नाही, म्हणून "एकट्यानंच बघायचाय का?" असंही ऐकून घेतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

या बेडकाला, आंबोली टोडला, झँथोफ्राइन टायगरिना हे शास्त्रीय नाव २००९ साली मिळालं, अंगावरच्या वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांवरून. पण हा वाघ अंडी घालतो ती कातळावरच्या बोटभर पाण्यात. पावसानं दडी मारली की खळगा सुकला. सगळा संसार पावसाळ्याच्या तोंडावरच्या मोजक्या रात्रींत उरकायचा, आणि नेमक्या त्याच रात्री आम्ही टॉर्च घेऊन सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हजर.

'आम्ही' म्हणतोय, कारण माणसं मीच न्यायचो. त्या रात्री आठ जण होते. "खाली बघून पाय टाका," वाटेत दहादा बजावलं. एका खळग्याच्या कडेला शेवाळ-मातीचा बांध होता, पंजाएवढा. कुणाला तरी नर दाखवायला मी वळलो आणि माझीच टाच त्यावर पडली. आवाजसुद्धा झाला नाही. थोड्या वेळानं एकीनं विचारलं, "यात पाणी नसतं का?" पाणी वाहून गेलं होतं, अंडी ओल्या दगडाला चिकटलेली. शेजारच्या खळग्यात ओंजळीनं सोडली. जगली का, हे बघायला दुसऱ्या दिवशी गेलो नाही. पाऊस फार होता, असं सगळ्यांना सांगितलं. पाऊस नव्हता.

त्याआधी मीच शाळाशाळांत सांगत फिरायचो, बघितल्याशिवाय जीव लागत नाही आणि जीव लागल्याशिवाय कुणी वाचवत नाही. तेव्हाचा मी खोटा होता, असं आजही म्हणवत नाही. कारण मी गप्प बसायला लागल्यावर ओळखीचा एक सडा जेसीबीनं सपाट झाला, प्लॉट पडले. तिथे टोड आहेत हे मला धरून तिघांना ठाऊक होतं. त्या रात्रीचे आठ जण ओरडायला असते तर?

फोटोवाल्यांवर राग नाही. बरं, थोडा आहे. पण टाच त्यांची नव्हती.

यंदा पावसाआधीच चार मेसेज आलेत. तिघांना 'नाही' म्हणून कळवलं. चौथी कुडाळची, नववीतली. वहीत काढलेल्या टोडचा फोटो तिनं पाठवलाय, पट्टे चुकलेत. तिला काय लिहू, ते ठरत नाही.