बेसिक किती?

आमच्या भागातून आखातात जाणारे म्हणजे पूर्वी गवंडी, फिटर, ड्रायव्हर. अलीकडे नर्सेस आणि मास्तर. मी त्यातला दुसरा. गणित, एम.एस्सी., बी.एड., कराडजवळच्या एका संस्थेच्या सीबीएसई शाळेत नववी-दहावीला शिकवत होतो. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, हा प्रकार विनाअनुदानितवाल्यांना वेगळा समजावून सांगायला नको. सरकारी बाजूला शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघायची, आणि नंबर लागलाच तर माध्यमिकला तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून 18,000 रुपये मानधन. हे मानधन 2023 मध्ये वाढवलं, त्याआधी 8,000 होतं. मुलगी चौथीत, घराचा हप्ता चालू. हिशेब बसेना.

शोध सुरू केला तो एजंटपासून. मुंबईतल्या एकाने फोनवर ‘फाईल चार्जेस’चे दीड लाख सांगितले, निम्मे आधी. हातात ऑफर नाही, शाळेचं नाव सांगायची तयारी नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक रिक्रूटिंग एजंटांची यादी असते, तिथे नाव टाकून बघितलं, सापडलं नाही. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनाही उमेदवाराकडून 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. यूएईच्या, म्हणजे दुबई-अबू धाबीच्या देशाच्या, कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे. म्हणून एजंट सोडला आणि थेट शाळांच्या वेबसाइटवर जाऊन ‘करिअर्स’ उघडायला लागलो. कंटाळवाणं काम, पण फुकट.

इंग्लंडचंही बघून झालं. तिथल्या शाळा साधारणपणे क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा, मागतात आणि 2023 पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषा शिक्षकांना तो ऑनलाइन मागता येतो, त्याला फी नाही. आमच्या स्टाफरूममध्ये यावर बरीच चर्चा झाली. पण क्यूटीएस म्हणजे नोकरी नव्हे. व्हिसा स्पॉन्सर करणारी शाळा आपणच शोधायची. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा सरचार्ज मोठ्यांना वर्षाला 1,035 पौंड, मुलांना 776, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचे पैसे अर्जासोबत एकदम. आम्हा तिघांचे तीन वर्षांचे साडेआठ हजार पौंड, विमानात पाय ठेवायच्या आधी! 2023-24 साली स्थलांतरासाठी 10,000 पौंड देण्याची योजना निघाली होती, तीही फिजिक्स आणि भाषावाल्यांना. गणितवाले बाहेर. इंग्लंड तिथेच मिटलं.

मुलाखती बहुतेक ऑनलाइन. दुबईतल्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेची लक्षात राहिली. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने शिकवायचा डेमो दिला. आपल्याकडे डेमो म्हणजे फळा भरून दाखवणं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी गणिताबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं, “सहाव्या मिनिटाला मागच्या बाकावरच्या मुलाला कळलंय की नाही, हे तुम्हाला कसं कळणार होतं?” मग पुढचा प्रश्न: एखादा मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला आणि म्हणाला, सर, एक सांगतो, पण कुणाला सांगू नका. काय कराल? आपल्याकडचा कुठलाही प्रेमळ मास्तर म्हणेल, नाही सांगणार रे, बोल. तिथे नेमकं हेच चालत नाही. गुपित ठेवायचं वचन द्यायचं नाही, शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि शाळेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना त्याच दिवशी कळवायचं. इंग्लंडची ‘कीपिंग चिल्ड्रन सेफ इन एज्युकेशन’ ही मार्गदर्शिका नेटवर आहे, ती वाचून बसलो होतो म्हणून निभावलं. नोकरी मिळाली नाही, त्यांना ब्रिटिश अभ्यासक्रमाचा अनुभव हवा होता. पण बी.एड.ला हा एक तास कुणी घेतला असता तर बरं झालं असतं.

शेवटी ऑफर तीन आल्या: मालदीव, दुबई आणि यूएईतलंच अल ऐन.

मालदीवची आधी आली. एका दूरच्या बेटावरची सरकारी शाळा, 15,000 रुफिया, राहायची सोय. डॉलरला 15.42 रुफिया हा तिथला ठरलेला दर, म्हणजे कागदावर साधारण 970 डॉलर. आमच्या ओळखीतले एक सर तिथे होऊन आलेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “अहो, बँक त्या दराने डॉलर देते कुठे हवे तेवढे? थोडे देते, उरलेले बाहेरून घ्यायचे, अठरा-एकोणीस रुफियाला.” मी तिथेच मागच्या पानावर भागाकार केला. सगळा पगार एकोणीसच्या दराने बदलला तर 790 सुद्धा धड होत नव्हते. शिवाय दोन बेटांमध्ये बोट, आणि आजारी पडलं तर तीच बोट. एकट्या माणसाला ठीक. समुद्र फार सुंदर आहे, असंही ते सर म्हणाले, तो भाग आमच्या हिला ऐकवला नाही.

दुबईची ऑफर 4,500 दिरहम. दिरहम तेव्हा 23 रुपयांच्या आसपास. घरात ‘लाखाच्या वर’ असा गजर झाला आणि सासरे पेढे आणायला निघाले. ऑफर लेटर नीट वाचलं तर बेसिक 1,800, बाकी घरभाडं, प्रवास आणि ‘इतर’ भत्ते. अल ऐनची एकूण 4,000 ची, पण बेसिक 2,600, शाळेचा फ्लॅट वेगळा आणि मुलीला त्याच शाळेत फीमध्ये सवलत.

यूएईत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षामागे 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा. पण हा पगार म्हणजे बेसिक. 1,800 वर वर्षाला 1,260 दिरहम, 2,600 वर 1,820. शिकलेल्या माणसाला हा त्रैराशिकाचा हिशेब जमायला हवा, तरी ऑफर आलेला जो तो एकूण आकडाच सांगतो. मीही स्टाफरूममध्ये आधी तोच सांगितला, कारण लोक तोच विचारतात. कुटुंब न्यायचं तर पगार 4,000 दिरहम हवा, किंवा 3,000 आणि राहायची सोय. दोन्हीकडे बसत होतं, पण दुबईत 4,500 मधून घरभाडं काढल्यावर उरणार काय? तिथल्या एका शिक्षकाने स्पष्टच सांगितलं, की फॅमिली आणणारे बरेच जण शारजाला राहतात आणि पहाटे साडेपाचला बसमध्ये असतात.

अल ऐन अबू धाबी अमिरातीत, ओमानच्या सीमेला लागून. समुद्र नाही, उंच इमारती नाहीत, खजुराच्या बागा आहेत. हो म्हणून टाकलं. दुबई सोडून हे काय निवडलंस, असं मेव्हणा अजून म्हणतो.

त्यानंतर कागद. पदवीवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या वकिलातीचा आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. यूएईला नुसतं अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत चालणारा परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, चालत नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. आता शिक्के बसतात प्रमाणपत्राच्या पाठीवर, आणि आमच्या वडिलांनी पदवीदान झाल्याच्या आठवड्यात माझी बी.एड.ची पदवी स्टँडसमोरच्या दुकानातून कौतुकाने लॅमिनेट करून आणलेली. काउंटरवरच्या मुलीने नखाने कडा खरवडून बघितली आणि परत केली. विद्यापीठातून दुय्यम प्रत काढावी लागली, त्यात फेब्रुवारी जवळजवळ संपला. एम.एस्सी.ची पदवी वाचली, ती कुणी लॅमिनेट केली नव्हती.

दुसरी अडचण संस्थेची. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं ‘जमा’ करून घेतली होती, ती मिळवायला राजीनामा आधी द्या म्हणाले. राजीनामा द्यायचा तर तिकडचा करार पक्का हवा, आणि करार पक्का व्हायला प्रमाणपत्रं हवीत. माझ्या एका माजी मुख्याध्यापकांनी फोन केला, संचालक मंडळातल्या कुणाशी तरी बोलले, आणि प्रमाणपत्रं ‘तपासणीसाठी’ म्हणून हातात पडली. अनुभवाचा दाखला त्यांनीच लिहून दिला. नवीन रुजू होणाऱ्यांनी मूळ कागद देऊच नयेत, झेरॉक्स साक्षांकित करून द्यावी. हट्टाने.

कुटुंबासाठी लग्नाचं प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला यांनाही असेच शिक्के लागतात. हिच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, लग्नाच्या प्रमाणपत्रावरही तेच, म्हणून सुटलो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचे यात हाल होतात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून लवकर झाला.

यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर सहीला आलं तेव्हा शाळेने मेलवर दिलेला शब्द आणि त्यातले आकडे ओळीने ताडून बघितले. बेसिक बरोबर होता, फ्लॅटचा उल्लेख नव्हता. मेल केला, दुरुस्त होऊन आलं. प्रोबेशन सहा महिने, कायद्याने त्याहून जास्त ठेवता येत नाही. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथेही एप्रिलला सुरू होतात, म्हणून मी मार्चअखेर एकटा आलो. ही आणि मुलगी जूनमध्ये येणार होत्या, त्या ऑगस्टमध्ये आल्या. मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी होती, आणि साहेब दौऱ्यावर होते.