तुम्ही विचारलंत म्हणून: हलक्या लिनक्सला जागा किती?

मानवतमधल्या माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेला माणूसही हे विचारून जातो, आणि फोनचं तर बोलायलाच नको. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबले, तेव्हापासून घरोघरचे जुने लॅपटॉप पिशव्यांतून बाहेर निघालेत, विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायला. "भाऊ, हलकं लिनक्स टाकायलोय. जागा किती सोडू?" मी म्हणतो, 40 जीबी. लगेच पुढचं येतं, "तुम्हीच तर 15 म्हणत होता."

होय, म्हणत होतो. चांगली पाच-सहा वर्षं म्हणत होतो, आणि तेही ऐटीत.

आता माझी बाजू ऐका. 15 हा आकडा मी हवेतून काढला नव्हता. डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याच्या इन्स्टॉल गाइडमध्ये डेस्कटॉपसकट, म्हणजे खिडक्या-मेनूंच्या पडद्यासकट, किमान 10 जीबी लिहिलेलं आहे. मी माझ्या दुकानातल्या लॅपटॉपवर हलकं डेस्कटॉप टाकलं, तेव्हा सगळं मिळून साडेसहा जीबीत बसलं होतं. डिस्क म्हणून 120 जीबीचा एसएसडी, म्हणजे मशीनच्या हिशेबात 111. त्यातले 15 लिनक्सला आणि उरलेले 96 'डेटा' म्हणून वेगळे, म्हणजे डिस्कचे दोन वाटे, दोन पार्टिशन. लोकांचे सातबारे, आधार, पासबुकचे स्कॅन तिकडे. लिनक्सला तरी काय करायचीय एवढी जागा? हा माझा त्या वेळचा युक्तिवाद. आजही वाचताना तो मला चुकीचा वाटत नाही, एवढाच त्रास आहे.

चूक 'हलकं' या शब्दात होती. हलकं म्हणजे रॅमला हलकं, प्रोसेसरला हलकं. त्यावर चालणारा ब्राउझर तोच, लिबरऑफिस तेच, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा तोच. डेस्कटॉप बारीक आहे म्हणून ब्राउझरचा कॅश, म्हणजे तो साठवून ठेवतो तो माल, काही उपास धरत नाही. आणि ज्या दिवशी इन्स्टॉल केलं त्या दिवशीची जागा मोजून मी लोकांना पुढच्या चार वर्षांचा सल्ला देत होतो.

31 जुलै 2023. एक रुपयात पीक विम्याचं ते पहिलं वर्ष, आणि त्या दिवशी तरी सगळ्यांच्या लेखी शेवटची तारीख. संध्याकाळी सहाला लाईट गेली. टेबलावरचा कॉम्प्युटर बंद. इन्व्हर्टरवर फक्त लॅपटॉप, राउटर आणि एक बल्ब. बाकावर आठ-दहा माणसं, बाहेर पायरीवर आणखी. सात वाजता लॅपटॉप अडकल्यासारखा झाला, म्हणून मी लॉगआउट करून पुन्हा लॉगिन केलं. पासवर्ड टाकला. पडदा काळा झाला आणि पुन्हा पासवर्डचीच पाटी समोर. कॅप्स लॉक बघितलं. सावकाश, एकेक अक्षर दाबत पुन्हा टाकला. पुन्हा तेच. चुकीचा पासवर्ड टाकला की तसं लिहून येतं. इथं काहीच लिहून येत नव्हतं. आत घेत होता आणि बाहेर सोडत होता.

समोर एक मामा होते. कापडाच्या पिशवीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सातबारा, आठ-अ आणि पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, चार घड्या घालून. हातात एक रुपयाचं नाणं मघापासून धरलेलं.

"मामा, पाच मिनिटं."

"पाच मिनिटं तू मघापासून म्हनायलास."

मागून कुणीतरी बोललं, "दुसऱ्याचा हाय काय रे लॅपटॉप? पासवर्ड लागंना त्याला." हसले सगळे. मीही हसलो, आणि फोन घेऊन गच्चीवर गेलो, कारण खाली रेंज नव्हती. गच्चीवर पाऊस.

अर्धा तास शोधल्यावर कळलं की डिस्क गच्च भरली तर असं होतं. लॉगिन करताना मशीनला तुमच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, बारीकशी फाईल लिहावी लागते. माझं होम त्याच 15 जीबीत होतं, आणि तिथं ती लिहायलाही जागा उरली नव्हती. खाली येऊन कंट्रोल, आल्ट, एफ3 दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवली. वापर 100 टक्के, शिल्लक शून्य. त्याच पडद्यावर डेटाचं पार्टिशन दिसत होतं, त्यात 70 जीबी मोकळे.

तरी मशीन सुरू होतं ते कशामुळे, तर ईएक्सटी4, म्हणजे लिनक्सची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, नेहमीच्या सेटिंगात 5 टक्के जागा रूटसाठी, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्यासाठी, राखून ठेवते. बियाणाचं पोतं बाजूला ठेवावं तशी. माझ्या बाबतीत ती पाऊण जीबी. मला मात्र त्यातलं काही मिळणार नव्हतं.

ॲप्ट क्लीन केलं, म्हणजे उतरवलेल्या इन्स्टॉल फाईली पुसल्या, दीड जीबी सुटला. मग शोधत बसलो. एक्ससेशन-एरर्स नावाची लपलेली फाईल होममध्ये सापडली, तीन जीबीच्या वर. स्कॅनरची एक खिडकी महिनोन्महिने तीच एक तक्रार त्यात लिहीत बसली होती. जुने कर्नल चार, कारण नको असलेलं काढणारं ऑटोरिमूव्ह मी कधी चालवलंच नव्हतं. पीडीएफ जोडायचं एक सॉफ्टवेअर फ्लॅटपॅक या वेगळ्या पद्धतीनं घेतलं होतं, त्यानं सोबत जीबीभर रनटाइम, म्हणजे ते चालायला लागणारं सामान, आणलेलं. यातलं एकही 'डेटा' नव्हतं.

लॅपटॉप उघडला तेव्हा पावणेनऊ झाले होते. मामांची साडेआठची एसटी शेवटची, ते गेले होते. नाणं काउंटरवर ठेवून गेले होते. कागदांची झेरॉक्स मी घेतलीच नव्हती.

मुदत पुढं 3 ऑगस्टपर्यंत वाढली. लोक म्हणतात, मग काय बिघडलं? त्या रात्री मुदत वाढणार हे मला ठाऊक नव्हतं आणि मामांनाही नव्हतं. ते त्या तीन दिवसांत माझ्याकडं आले नाहीत. दुसरीकडं भरला असेल. पुढं एकदा सोमवारी बाजारात दिसले, पण विचारायचं धाडस झालं नाही.

तर 40. लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकारवाले स्वतः किमान 20 सांगतात आणि ऐसपैस हवं असेल तर 100. मी मधला पकडलाय, आणि तोही कुठल्या शास्त्रानं नाही. रॅम 2 जीबी असेल तर त्यातच 4 जीबी स्वॅपचे, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेचे, धरा, नाहीतर ब्राउझरचे पाच टॅब उघडले की मशीन बसतं. डिस्कच 32 जीबीची असेल तर वाटणी करूच नका, सगळी एकातच ठेवा. पेनड्राईव्हवरून पपी हे चिमुकलं लिनक्स चालवणाऱ्यांनी मला विचारू नये, तो संसार वेगळा.

"मग कमी पडली तर नंतर वाढवू की," असंही म्हणतात. वाढवा. पण पार्टिशन म्हणजे बांध आहे, शेजारचाच कोरता येतो, पलीकडच्या गटातलं उचलून आणता येत नाही. माझं लिनक्स डिस्कच्या शेवटी आहे. त्याला डावीकडं सरकवायचं म्हणजे आतला सगळा माल उचलून मागं न्यायचा, तो तासभर चालतो, आणि मध्येच लाईट गेली तर दोन्हीकडचं गेलं. लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. इन्व्हर्टरवर माझा भरवसा नाही.

म्हणून त्या लॅपटॉपवर अजून 15 च आहे. हसा. दर महिन्याच्या एक तारखेला झाडून घेतो. आज सकाळी 81 टक्के भरलेलं होतं.