शेवटच्या बोटीपासून उलटं मोजत

वॉशिंग्टन बेटावरचा दिवस परतीच्या शेवटच्या बोटीपासून उलटा मोजायचा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात डोअर काउंटीचं निमुळतं टोक मिशिगन सरोवरात शिरतं, तिथल्या नॉर्थपोर्टच्या धक्क्यावरून गाड्या नेणारी बोट अर्ध्या तासात बेटावर पोचवते. मधल्या पाण्याचं नाव 'डेथ्स डोअर', मृत्यूचं दार. उन्हाळ्यात गाडीसाठी आरक्षण नसतं. रांगेत जो आधी, तो आधी. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्या आणि गाडीला आरक्षण सक्तीचं.

वेळेचं गणित फसतं ते शेजारच्या रॉक आयलंडमुळे. तिकडची छोटी बोट, 'कार्फी', सुटते जॅक्सन हार्बरवरून, म्हणजे बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून. तिच्यावर गाडी नाही की सायकल नाही. पलीकडे पॉटावाटोमी दीपस्तंभापर्यंत दोन किलोमीटरची चढती पायवाट आहे. यात अर्धा दिवस सहज जातो, म्हणून हे बेट सकाळीच उरकावं, नाहीतर सरळ सोडून द्यावं. जेवणानंतर निघणारे हमखास घड्याळाकडे बघत पळतात. रॉक आयलंडच्या धक्क्याला लागूनच व्हायकिंग हॉल आहे. आइसलंडमध्ये जन्मलेल्या चेस्टर थॉर्डरसन या विद्युत-संशोधकाने 1910 मध्ये हे बेट घेतलं आणि पुढे ही दगडी वास्तू उठवली. खाली होड्यांची जागा, वर नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियन, पुराणकथा कोरलेलं ओकचं फर्निचर. भाषा विसरलेल्या पिढ्यांसाठी लाकूड बरंच काही जपून ठेवतं.

मुख्य बेटावर आइसलंडची माणसं 1870 मध्ये आली. इथल्या नॉर्वेजियन वारशाची खूण म्हणजे झाडीतलं स्टाव्हकिर्के, म्हणजे लाकडी खांबांचं चर्च, नॉर्वेतल्या बोरगुंडच्या मध्ययुगीन चर्चच्या धर्तीवर बांधलेलं. उभे खांब, एकावर एक छपरं आणि टोकांना ड्रॅगनची मुंडकी. आत डांबर-लाकडाच्या वासात दहा मिनिटं नुसतं बसावं.

स्कूलहाउस बीचवर वाळूचा कणही नाही. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले चुनखडीचे पांढरे गोटे आहेत. अनवाणी पाय मुरगळतो, तेव्हा रबरी चपला हव्यातच. गोटा खिशात घातला तर 250 डॉलर दंड. (एक नेला तर काय बिघडतं, असं प्रत्येकालाच वाटतं, म्हणूनच दंड.)

जेवायला 'लॉयर' मागवावा. हा बर्बट मासा, गोड्या पाण्यातला एकमेव कॉड. त्याला वकील का म्हणतात, ते बेटावरच्या वकिलांसमोर विचारू नये.

नेल्सन्स हॉल हा बार मात्र अगदी शेवटी. दारूबंदीच्या काळात इथल्या डॅनिश मालकाने औषधविक्रेत्याचा परवाना काढला आणि अँगोस्टुरा बिटर्स, म्हणजे मसाल्यांचा कडू मद्यार्क, पोटाचं औषध म्हणून विकलं. त्यात अल्कोहोल जवळपास 45 टक्के. आजही छोटा ग्लासभर बिटर्स एका दमात संपवायचं. घोट घोट घेणाऱ्याचं तोंड लवंग-कडूपणाने बधिर होतं. मग बारटेंडर तळाशी उरलेल्या थेंबात अंगठा बुडवून 'बिटर्स क्लब'च्या सदस्यत्वाच्या कार्डावर ठसा उमटवतो. गाडी चालवणाऱ्याने यातून सुटका करून घ्यावी. ठसा वाळेपर्यंत धक्क्यावर रांग लागलेली असते.