आता तर परवडतं ना? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"आता तर तुला परवडतं, मग अजून जुने कपडे का उसवत बसतेस?" हा प्रश्न मला नणंदेने विचारलाय, ऑफिसातल्या तिघीचौघींनी विचारलाय, एका समारंभात जेमतेम ओळख झालेल्या बाईंनीही विचारलाय. दर वेळी मी वेगळं उत्तर दिलं. आवड आहे. मन रमतं. चांगलं कापड टाकवत नाही. तयार कपडे माझ्या मापाचे मिळत नाहीत. यातलं एकही उत्तर खोटं नाही आणि एकानेही माझं समाधान झालेलं नाही. तेव्हा एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी 'उसवत बसणे' या शब्दांबद्दल. बसणे म्हणजे वेळ घालवणे, असा त्यात सूर असतो, म्हणून सांगते. शर्ट घ्या. शर्ट आधी फाटतो तो कॉलरच्या घडीवर. पाठ, बाह्या, पुढचे दोन्ही भाग अजून कित्येक वर्षं टिकण्यासारखे असतात, आणि घडीवरच्या त्या विरलेल्या रेघेपायी अख्खा शर्ट बाद होतो. अशी कॉलर गळ्याभोवतीच्या पट्टीपासून उसवायची, पालटायची, म्हणजे विरलेली बाजू खाली जाते आणि कोरी बाजू वर येते. मग मध्य जुळवून पुन्हा पट्टीत बसवायची आणि वरून टीप मारायची. मला आता पाऊण तास लागतो. पहिल्यांदा सबंध दुपार गेली होती, कारण मध्याची खूण न करता मी एका टोकापासून शिवत गेले आणि दुसऱ्या टोकाला कॉलर अर्धा इंच जास्त उरली. ती पुन्हा उसवली. रडू आलं होतं, पण तो शर्ट पुढे सहा वर्षं वापरला.

"तुझ्या वेळेची काही किंमत आहे की नाही?" हा त्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. आहे ना किंमत. पण तेव्हा माझा तो पाऊण तास विकत घ्यायला कुणी दारात उभं नव्हतं. माझ्याकडे वेळ होता, पैसे नव्हते. घरखर्च भागून महिनाअखेरीला जे उरायचं त्यात एक नवा शर्ट आला असता, किंवा वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातून पाच. मी पाच आणायचे. हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. विचारलं की 'आवड' म्हणायचे.

हितचिंतक अशा वेळी इतिहास सांगतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग आलं, पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कूपनं मिळाली, १९४३ मध्ये तर सरकारनेच जुन्याचं नवं कसं करावं, ठिगळ कसं लावावं याची पुस्तिका काढली, आणि हे सगळं १९४९ पर्यंत चाललं. बघ, किती अभिमानाची गोष्ट आहे, असं त्यांना म्हणायचं असतं. त्यांचा हेतू चांगला असतो हे मला कळतं. पण तिथे कूपनं गरीब-श्रीमंत दोघांना सारखी होती. ज्यांची कपाटं आधीपासून भरलेली त्यांना झळ कमी लागली असेल, तरी कोपरावरच्या ठिगळाला कारण विचारावं लागत नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. माझं रेशनिंग माझ्या एकटीचं होतं. बाकीच्या जगात दुकानं उघडी होती.

आता ब्लेझरबद्दल. हे मी आजवर घरातही धड सांगितलेलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वी मला एका चांगल्या नोकरीच्या मुलाखतीचं पत्र आलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता. माझ्याकडे त्या जागी घालून जाण्यासारखं काही नव्हतं, पण ढिगातून आणलेला एक पुरुषी ब्लेझर होता. गडद निळा, लोकरमिश्रित कापडाचा, पडायला जड, शिवण सुरेख. मला दोन मापं मोठा. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, म्हणून रविवारी मी तो कोमट पाण्यात शाम्पू घालून हाताने धुतला. ही पहिली चूक. अशा बऱ्याचशा तयार ब्लेझरच्या छातीत आणि कॉलरच्या घडीत कापडाच्या मागे एक ताठ थर डिंकासारख्या चिकटाने, उष्णता देऊन चिकटवलेला असतो. शिवणकामातले लोक त्याला पेस्टिंग म्हणतात. पाण्यात वरचं कापड एका मापाने आटतं, आतला थर दुसऱ्या मापाने, आणि मधला चिकट सुटतो. मला हे माहीत नव्हतं. सोमवारी वाळल्यावर डाव्या छातीवर हात फिरवला तर थोडं उंचसखल लागलं. इस्त्रीने बसेल, असं म्हणून मी पुढच्या कामाला लागले.

रात्री बाजूच्या शिवणी उसवून ब्लेझर आत घेतला. दोन्हीकडून मिळून तीन इंच. शिवण मारल्यावर आत कापडाच्या जाड पट्ट्या राहिल्या, त्या बरगडीशी फुगत होत्या. शिवणीच्या आत राखलेल्या या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. उद्या अंगाने भरलात, तर हीच माया सोडून कपडा मोठा करता येतो. मी ती कापली. शिवणीलगत, बोटाच्या पेरापेक्षाही कमी ठेवून. कात्री लोकरीतून जाताना जो दबका आवाज करते तो मला अजून आठवतो. मी खूश होते. आरशासमोर सरळ उभी राहिले तेव्हा तो ब्लेझर खरंच माझ्यासाठी शिवल्यासारखा दिसत होता. हात पुढे करून बघायला हवं होतं, ते मी केलं नाही.

सकाळी वाफेची इस्त्री फिरवली. इस्त्री पुढे गेली की कापड सपाट व्हायचं, आणि गार होता होता छातीवर फोड उठायचे. भाजल्यावर कातडीवर येतात तसे, बोराएवढे, तीन डावीकडे आणि दोन कॉलरच्या घडीवर. ओलं फडकं ठेवून दाबले, पुन्हा उठले. एका फोडात सुई घालून चिकटतंय का ते पाहिलं. नाही चिकटलं. साडेनऊ झाले होते. दुसरं काही नव्हतं. मी तोच घातला आणि फाइल छातीशी धरून निघाले.

बाहेर बसले तोवर फाइलने काम केलं. आत तिघं होते. पहिले दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग मधल्या बाईंनी कागदपत्रं मागितली. फाइल द्यायला मी टेबलावरून हात लांब केला आणि उजव्या मुंढ्यामागे शिवण टचकन गेली. आवाज बारीकच होता, पण खोली शांत होती. बाईंची नजर फाइलवर गेली, मग माझ्या छातीवर, मग पुन्हा फाइलवर. कुणी काही बोललं नाही. पुढचे सगळे प्रश्न मी हात मांडीवर घट्ट ठेवून ऐकले आणि जी उत्तरं मला झोपेतही देता आली असती ती अर्धवट दिली. कारण माझं अर्धं लक्ष त्या उसवलेल्या शिवणीपाशी होतं, ती किती उघडली असेल, उठून पाठ फिरवल्यावर काय दिसेल.

नोकरी मिळाली नाही. का मिळाली नाही ते मला कधीच कळणार नाही. कदाचित दुसरं कुणीतरी माझ्याहून सरस असेल. त्या बाईंनी काहीच पाहिलं नसेल, हेही शक्य आहे. घरी येऊन मी सांगितलं की जागा काही खास नव्हती.

तेव्हाच्या त्या मुलीशी मी अजून मनातल्या मनात भांडते. मैत्रिणीकडे एक दिवसापुरता मागायचा होतास. ती म्हणते, मागितला असता तर 'तुझ्याकडे नाही?' हे ऐकावं लागलं असतं. बरं, मग निदान माया तरी ठेवायचीस. यावर ती गप्प बसते. आणि गप्प बसून मलाच विचारते, की तुझ्याकडे आज एवढं ज्ञान आलं ते कुठून? हा वाद मी कधी जिंकलेला नाही. तिचा एक उद्दामपणा मात्र मला मान्य नाही: नवे कपडे घेणारे आळशी असतात, असं ती बिनदिक्कत बोलायची. एकदा मावशीलाच बोलली. मावशी दोन पाळ्यांत काम करायची, उसवाउसवीला तिच्याकडे पाऊण मिनिट नव्हतं. मी नंतर माफी मागितली, पण मावशीने पुन्हा कधी मला नव्या कपड्याची घडी मोडून दाखवली नाही.

आणखी एक कबुली. स्वस्त मिळतं म्हणून मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त आणलं. एक वेळ अशी आली की 'याचं काहीतरी करू' म्हणून घेतलेले त्रेचाळीस कपडे पलंगाखाली होते आणि अंगावर तेच चार. काटकसर म्हणून सुरू केलेल्या कामात मी पैसे घालवत होते आणि वर त्याचं कौतुक करून घेत होते. तेव्हा कुणी 'खरंच वाचतात का गं पैसे?' असं विचारलं की मला राग यायचा तो त्यामुळे.

आज विचाराल तर हिशोबात वाचतात, पण तेही मी काय घेत नाही यामुळे. काखेत, जांघेत आणि गुडघ्यावर कापड उजेडाशी धरून बघते. तिथे विरलं असेल तर बाकी कितीही देखणं असो, घेत नाही. शक्यतो मोठ्या मापाचं घेते, कारण लहानाचं मोठं करणं फार जिकिरीचं. रंग द्यायचा असेल तर आधी शिवणीच्या आत दडलेल्या कापडाचा एक धागा काढून जाळून बघते: कागद जळल्याचा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, केसांचा वास म्हणजे लोकर, वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर, आणि सुतीचा रंग त्याला लागत नाही. कपडा सुती असला तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचाच असतो. पांढरा शर्ट निळ्यात बुडवला की कापड निळं होतं आणि टाके पांढरेच राहतात. पहिल्यांदा मला तो दोष वाटला होता. आता मी पांढऱ्या दोऱ्याचे शर्ट मुद्दाम शोधते, निळ्यावर ती टीप इतकी स्वच्छ दिसते.

पण तुम्ही हे विचारलंच नव्हतं. परवडत असताना का, हे विचारलं होतं.

कधी वाटतं, मला यात खरोखर रस आहे. उसवलेला कपडा टेबलावर सपाट पसरला की तो कुणीतरी विचार करून कापला होता हे दिसतं, आणि त्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं. कधी वाटतं, मला अजूनही भीती वाटते, की पैसे पुन्हा जातील आणि तेव्हा हाताला सवय असलेली बरी. आणि कधी वाटतं, त्या मंगळवारी जे बिघडलं ते मी प्रत्येक कपड्यात पुन्हा नीट करून बघतेय. यातलं एक उत्तर खरं असतं तर तुम्हाला कधीच देऊन मोकळी झाले असते.

तो निळा ब्लेझर अजून आहे. त्याची बटणं काढून मी दुसरीकडे वापरली, पाठीच्या भागाला पेस्टिंग नव्हतं म्हणून त्याची पिशवी झाली. छातीचा डावा भाग तसाच ठेवलाय. फोड अजून तसेच आहेत, बोट दाबलं की बसतात आणि हळूहळू वर येतात.

गेल्या महिन्यात मी नवा ब्लेझर घेतला. हो, नवा, दुकानातून, पूर्ण किमतीला. घालून बघण्याआधी मी तो उलटा केला आणि शिवणी तपासल्या. बाह्या अर्धा इंच लांब आहेत. खडूने खूण करून टाचण्या लावून ठेवल्यात, रविवारी उसवेन. कापायचं काही नाही, जास्तीचं सगळं आत दुमडणार आहे.