सायकलच्या चाकाची पवनचक्की : अखेर चाक सुटलं

दोन आठवडे गच्चीवर ढिम्म उभं असलेलं चाक काल संध्याकाळी आपणहून फिरायला लागलं. काय बदललं ते लिहून ठेवतो, कुणीतरी याच ठिकाणी अडकलं असेल.

मी टायर तसाच ठेवून बाटलीचा डायनॅमो (टायरला घासून फिरणारा, बाटलीसारखा दिसणारा सायकलचा डायनॅमो) त्याला टेकवला होता. सायकलवर ते चालतं, कारण पायात जोर असतो. मंद वाऱ्याचा सगळा जोर मात्र डायनॅमोला टायरवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या दाबातच जिरत होता. म्हणून टायर-ट्यूब काढली. अठ्ठावीस इंची उघड्या रिमची खाच म्हणजे आयती पुलीच! शिलाई मशीनचे दोन चामडी पट्टे क्लिपने जोडून त्यातून फिरवले आणि डायनॅमोवर लेथवर काढलेली २२ मिमीची नायलॉन पुली बसवली. चाकाच्या एका फेऱ्याला डायनॅमोचे साधारण २८ फेरे.

तरी खरं काम हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात होतं. जुनं ग्रीस काळं, मेणासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलमध्ये धुऊन छर्रे नवे घातले आणि ग्रीसऐवजी पातळ ऑइल सोडलं. सायकलवाले काका म्हणाले, "कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) बोटांनी आवळ, मग पाव फेरा मागे घे. पाना फक्त चेकनटला (कोन जागेवर पक्का करणाऱ्या बाहेरच्या नटाला)." पाती लावण्याआधी चाकाच्या एका तारेला छोटा नट दोऱ्याने बांधून चाक सोडून पाहिलं. नट खाली आला, पुढे गेला, परत फिरला आणि झुलत झुलत तळाशी थांबला. आधी तो मध्येच कुठेतरी अडकायचा. कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

पाती सहा, ४ इंची पीव्हीसी पाइपची, रिमबाहेर वीतभर. सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात एवढ्या घेरातून ३३ वॅटच्या आसपास ताकद जाते. बेट्झच्या नियमाने त्यातली ५९.३ टक्क्यांच्या वर कुणालाच मिळत नाही, आणि आपला डायनॅमो तर ६ व्होल्ट, ३ वॅटचाच. म्हणून पाती मोठी करण्यापेक्षा घर्षण कमी करणं मला महत्त्वाचं वाटतं. सोलापुरात आषाढात पाऊस तोंड दाखवून जातो, वारा मात्र राहतो. त्या रोजच्या वाऱ्यात चाक फिरलं पाहिजे.

डायनॅमोची उलटसुलट वीज बॅटरीसाठी एकाच दिशेची करणारे डायोडही बदलले. चार साध्या डायोडच्या ब्रिजमध्ये सहातले जवळजवळ दीड व्होल्ट जात होते, कमी व्होल्ट खाणाऱ्या शॉटकी डायोडने ते निम्म्यावर आले. काल ६ व्होल्टच्या बॅटरीत १८० मिलीअँपिअर जात होते. रात्री जिन्यातला एलईडी त्याच बॅटरीवर लावला.

मडगार्डच्या पत्र्याचं शेपूट अजून व्हायचंय. तोवर चाक हाताने वाऱ्याकडे वळवतो आणि झोपताना दोराने बांधून ठेवतो.